दारावरचा कागद : नैरोबीच्या किब्रा मतदारसंघाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात केनियाची राजधानी नैरोबी आणि तिथल्या किब्रा या मतदारसंघाची थोडक्यात ओळख दिली होती. केनियाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह म्हणजे नॅशनल असेंब्ली. आपल्या लोकसभेसारखंच ते बहुतांशी थेट निवडून येतं. लेख वाचून चोपड्यापासून नवापूरपर्यंत पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि मतमोजणीच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण सगळ्यात जास्त पत्रं त्यावरच होती.

किबेरा म्हणायचं की किब्रा? आणि तिथं दहा लाख लोक राहतात हे खरं का? (वाचक, चोपडा)

दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टींना लागतात. किबेरा ही वस्ती, पत्र्याच्या छपरांची आणि मातीच्या भिंतींची. किब्रा हा मतदारसंघ, आणि त्यात या वस्तीशिवाय बांधलेल्या वसाहती, बंगले, बाजार हे सगळं येतं. मूळ शब्द सुदानी वंशाच्या न्युबी लोकांचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जंगल. तिथं खरोखर जंगल होतं तेव्हाचं हे नाव आहे.

हा मतदारसंघ नवा आहे. पूर्वी हा भाग लांगाटा मतदारसंघात होता आणि १९९२ ते २०१३ या काळात, पुढे पंतप्रधान झालेले राइला ओडिंगा तिथून निवडून येत. २०१२ च्या फेररचनेत लांगाटाचे दोन भाग झाले आणि २०१३ पासून किब्राचा स्वतंत्र प्रतिनिधी संसदेत जाऊ लागला. यात पाच वॉर्ड आहेत : लैनी साबा, लिंडी, माकिना, सारांगोम्बे आणि वुडली/केन्याटा गोल्फ कोर्स. शेवटचं नाव वाचून काही वाचकांनी विचारलं की छपाईची चूक झाली का. नाही, वॉर्डाचं अधिकृत नावच ते आहे. गोल्फच्या हिरवळीला लागून राहणारा आणि दहा बाय दहाच्या खोलीत भाड्यानं राहणारा, दोघेही एकाच खासदाराला मत देतात.

दहा लाखांचा आकडा मात्र सोडून द्यावा. २००९ च्या जनगणनेत किबेरा वस्तीत १,७०,०७० माणसं मोजली गेली आणि २०१९ च्या जनगणनेत किब्रा उपजिल्ह्याची लोकसंख्या १,८५,७७७ आली. जनगणनेत भाडेकरू निसटतात, ते इथंही निसटले असतील; पण निसटून निसटून आठ लाख निसटत नाहीत. फुगवलेल्या आकड्याचं खरं नुकसान असं की शाळा, नळ, संडास यांचा हिशोब मग कुठेच जुळत नाही.

जळगाव जिल्ह्याच्या तुलनेत नैरोबीला किती खासदार? आणि सीमा कोण ठरवतं? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जळगाव)

जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४२ लाख ३० हजार होती. नैरोबीची २०१९ मध्ये ४३,९७,०७३. म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा आहेत आणि लोकसभेच्या दोन : जळगाव आणि रावेर, त्यातही रावेरला बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर जोडलेलं आहे. नैरोबीतून मात्र १७ खासदार जातात. केनियाचा एक खासदार आपल्या आमदारापेक्षाही कमी माणसांचा प्रतिनिधी असतो, म्हणून त्याच्याकडून लोकांची अपेक्षा आमदार-नगरसेवकासारखी असते हे ध्यानात ठेवा. पुढच्या निधीच्या प्रश्नात ते पुन्हा येईल.

सीमा ठरवतो त्यांचा निवडणूक आयोग. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आयईबीसी. २०१० च्या राज्यघटनेनं मतदारसंघांची संख्या २९० अशी बांधून दिली आहे. हिशोब साधा आहे, वहीत करून बघा. देशाची लोकसंख्या ४,७५,६४,२९६ भागिले २९० केलं की येतात सुमारे १,६४,०१५. हा झाला सरासरी कोटा. शहरं आणि विरळ वस्तीचे प्रदेश यांना कोट्याच्या ४० टक्के वर किंवा खाली जायची मुभा आहे, बाकीच्यांना ३० टक्के. म्हणजे शहरातल्या मतदारसंघाची वरची मर्यादा सुमारे २,२९,६२० झाली. आता नैरोबीची लोकसंख्या १७ नं भागा. उत्तर येतं २,५८,६५१. सरासरी मतदारसंघच मर्यादेच्या बाहेर! किब्रा एकटा पाहिला तर १,८५,७७७ मध्ये आरामात बसतो, पण शहराला वरच्या मर्यादेनं मोजलं तरी निदान २० जागा लागतात आणि नेमक्या कोट्यानं मोजलं तर २६ ते २७.

हे असं का झालं? २०१२ च्या फेररचनेत शहराच्या ८ जागांच्या १७ झाल्या, एकट्या एम्बाकासीचे पाच तुकडे पाडले. पण त्याच वेळी घटनेच्या संक्रमण-तरतुदींनी जुना एकही मतदारसंघ नाहीसा होऊ द्यायचा नाही असं बंधन घातलं होतं. कमी लोकसंख्येच्या जागा तशाच राहिल्या आणि त्याची झळ वाढत्या शहरांना बसली. फेररचना ८ ते १२ वर्षांत व्हायला हवी. बारा वर्षांची मुदत मार्च २०२४ मध्ये उलटली. जानेवारी २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत आयोगावर आयुक्तच नव्हते, मग फेररचना करणार कोण? आपल्याकडेही लोकसभेच्या जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर थांबलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न परका वाटू नये.

मी बऱ्याच निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं आहे. तिकडे मतमोजणी मतदान केंद्रावरच होते असं तुम्ही लिहिलं. हे प्रत्यक्षात कसं करतात? गडबड कुठे होते? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला हे सविस्तर सांगायलाच हवं.

आधी खोलीची रचना. एका मतदान केंद्राला जास्तीत जास्त ७०० मतदार. शाळेत मतदार जास्त असले तर त्यांचे नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला वेगळी खोली मिळते. ओळख पटवायला बोटाचा ठसा वाचणारी टॅब्लेटसारखी मशीन असते, तिला तिथं किम्स म्हणतात. ठसा जुळला की मतदाराला एकदम सहा मतपत्रिका मिळतात : राष्ट्राध्यक्ष पांढरी, गव्हर्नर (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा प्रमुख) निळी, सिनेटर पिवळी, खासदार हिरवी, महिला प्रतिनिधी जांभळी आणि वॉर्ड सदस्याची फिकट खाकी. पेट्याही सहा, अंग पारदर्शक, झाकण त्या त्या रंगाचं. ईव्हीएम नाही. मतदान सकाळी ६ ते संध्याकाळी ५, आणि पाचच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्यांचं मतदान घेतलं जातं.

आता आपल्याकडे तुम्ही काय करता? मशीन बंद, सील, नमुना १७ क भरून पोलिंग एजंटांना प्रत, आणि सगळं साहित्य बसमधून तालुक्याला. केनियात मात्र मतदान संपलं की तिथंच मोजणी सुरू होते. त्याच खोलीत टेबलं जोडतात. उमेदवारांचे एजंट, निरीक्षक, पत्रकार समोर. पेटीच्या सीलचे क्रमांक सकाळच्या नोंदीशी ताडून पाहतात. राष्ट्राध्यक्षपदाची पेटी आधी उघडतात. केंद्राध्यक्ष एक एक मतपत्रिका उलगडून सगळ्यांना दिसेल अशी वर धरतो, कुणाला मत आहे ते मोठ्यानं वाचतो आणि त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवतो. ज्यावर आयोगाची अधिकृत खूण नाही, दोन उमेदवारांपुढे मत आहे किंवा मत कुणाला ते स्पष्ट होत नाही, ती बाद. एजंटाचा आक्षेप असेल तर तशी नोंद करून वेगळी.

मग तो कागद. राष्ट्राध्यक्षासाठी नमुना ३४ अ, खासदारासाठी ३५ अ. त्यावर केंद्राचं नाव आणि क्रमांक, नोंदलेले मतदार, बाद मतं, वैध मतं, प्रत्येक उमेदवाराची मतं. खाली केंद्राध्यक्षाची सही आणि एजंटांची नावं व सह्या. एजंट सही नाकारू शकतो, पण कारण लिहावं लागतं; नुसती सही नाही म्हणून निकाल रद्द होत नाही. एजंटांना प्रती देतात आणि एक प्रत खोलीच्या दारावर चिकटवतात. सकाळी दूध आणायला निघालेली बाईसुद्धा थांबून वाचू शकते की आपल्या खोलीत काल कुणाला किती पडली. किम्सनं त्याच कागदाचा फोटो काढून तो नैरोबीतल्या राष्ट्रीय केंद्राकडे पाठवतात. २०२२ मध्ये ४६,२२९ केंद्रांचे असे फोटो आयोगानं सगळ्यांना खुले केले. कुणीही घरी बसून बेरीज करावी.

त्यानंतर खोल्यांचे कागद मतदारसंघाच्या मोजणी केंद्रावर येतात. तिथले निवडणूक निर्णय अधिकारी मतं पुन्हा मोजत नाहीत, फक्त कागदांची बेरीज करतात. ती राष्ट्राध्यक्षासाठी ३४ ब वर आणि खासदारासाठी ३५ ब वर. खासदाराचा निकाल तिथंच जाहीर होतो. जून २०१७ मध्ये मानवी हक्क कार्यकर्ते माइना किआई यांच्या खटल्यात अपील न्यायालयानं सांगितलं की मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम. राजधानीत बसलेल्या आयोगाच्या अध्यक्षाला तो बदलता येणार नाही. आमच्या मते त्या देशातल्या निवडणुकांना या एका निकालानं जेवढा आधार दिला तेवढा कुठल्याच मशीननं दिला नाही. कारण २००७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत नेमकं उलटं झालं होतं. मतदारसंघांतून आकडे वर गेले, वाटेत त्यांचं काय झालं ते सिद्ध करायला खालचे कागद लोकांसमोर नव्हते, आणि त्यानंतरच्या हिंसाचारात चौकशी आयोगाच्या मोजणीप्रमाणे १,१३३ माणसं गेली. किबेरा तेव्हा पेटलेल्या भागांपैकी एक होता.

गडबड कुठे होते? पहिली गोष्ट थकवा. ७०० पैकी ५०० जणांनी मत दिलं असं धरा. सहा निवडणुका म्हणजे ३,००० मतपत्रिका. एकेक उलगडून, दाखवून, वाचायला दहा सेकंद लागले तरी नुसती ती क्रिया आठ तास वीस मिनिटांची. लोक पहाटे पाचपासून कामावर असतात आणि कागद भरायचा असतो पुढच्या पहाटे. तेव्हा ८६ चे ६८ होतात, एकाची मतं दुसऱ्याच्या ओळीत जातात, वैध आणि बाद यांची बेरीज पेटीतल्या मतपत्रिकांशी जुळत नाही. दुसरी गोष्ट, हिरवी मतपत्रिका निळ्या झाकणाच्या पेटीत पडते. अशा भटक्या मतपत्रिका वेगळ्या काढल्या नाहीत तर एका निवडणुकीत मतं कमी आणि दुसरीत जास्त दिसतात, आणि लोकांना वाटतं घोळ झाला. तिसरी, नेटवर्क नसलं की फोटो जात नाही; मग मशीन घेऊन रेंज येईल तिथंवर जावं लागतं आणि तेवढ्या वेळात अफवा सुटतात. चौथी सगळ्यात गंभीर : वरच्यांनी खालच्या कागदांची वाट न पाहणं. ऑगस्ट २०१७ मध्ये सगळे ३४ अ हाती येण्याआधीच राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल जाहीर केला. १ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध दोन अशा बहुमतानं ती निवडणूक रद्द ठरवली आणि २६ ऑक्टोबरला फेरमतदान झालं.

तुम्ही हाही मुद्दा काढाल की ७०० जणांच्या खोलीचा निकाल दारावर लावला तर कोणत्या गल्लीनं कुणाला मत दिलं हे उघड होतं. मुद्दा बरोबर आहे, आणि किब्रासारख्या ठिकाणी, जिथं गल्ली म्हणजे बऱ्याचदा एका समाजाची वस्ती, तिथं तो जास्तच टोचतो. आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात काही मतदारसंघांत मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका सरमिसळ करत, ते याच भीतीनं. केनियानं तो धोका पत्करून दारावरचा कागद निवडला. तिथला इतिहास पाहता आम्हाला ही निवड पटते.

किब्रामधून रेल्वे जाते असं वाचलं. वस्ती रुळाला लागून कशी? जागा कुणाची? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

भुसावळकरांना हे लवकर समजेल, कारण नैरोबीही रेल्वेनंच घडवलेलं गाव. मोम्बासाहून निघालेला मीटरगेज मार्ग १८९९ मध्ये त्या पाणथळ माळावर पोचला, तिथं तळ पडला आणि तळाचं शहर झालं. या मार्गावर राबायला भारतातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते.

किबेराची जमीन आधी लष्कराची. ब्रिटिशांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स पलटणीतले सुदानी वंशाचे न्युबी सैनिक १९०४ च्या सुमारास तिथं वसले; वस्ती होती पण कागद नव्हता. १९१८ मध्ये ४,१९७ एकर जागा लष्करी राखीव म्हणून जाहीर झाली, पुढे ती सरकारी झाली आणि वस्ती 'बेकायदा' ठरली. शंभर वर्षं राहणाऱ्यांना मालकीचा कागद मिळाला २०१७ मध्ये, तोही २८८ एकरांचा, न्युबी समाजाच्या नावे सामूहिक. बाकीच्या वस्तीत खोलीचा मालक एक, जमीन सरकारची आणि राहणारा भाडेकरू, असा तिपेडी मामला आहे. त्यामुळे कुणी खासदार 'पक्की घरं देतो' म्हणाला तर पहिला प्रश्न हा असतो की घर भाडेकरूला देणार की खोलीमालकाला. हा पेच न सोडवता वीट रचता येत नाही.

रूळ वस्तीच्या मधोमध आहेत आणि गाडी नसली की तीच चालायची वाट, तोच बाजार. जानेवारी २००८ च्या दंगलीत लोकांनी इथले रूळ उखडले आणि युगांडाकडे जाणारा मालच अडला.

आमच्याकडची माणसं कामाला सुरतेला जातात, मत मात्र गावाकडे. नैरोबीत भाडेकरूंचं काय? (वाचक, तळोदा)

अगदी हेच. तिथं मतदार नोंदणी पत्त्यावर चालत नाही, केंद्रावर चालते. राष्ट्रीय ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेऊन ज्या नोंदणी केंद्रावर जाल त्या केंद्राचे मतदार व्हाल. वीजबिल, भाडेकरार काही लागत नाही. झोपडपट्टीतल्या माणसाला ही मोठी सोय आहे. अडचण ओळखपत्राशीच येते. न्युबी समाजाच्या तरुणांना ते काढताना अनेक वर्षं जादा पडताळणीच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं, आणि ओळखपत्र नाही म्हणजे मत नाही.

पण सोयीची दुसरी बाजू अशी की पुष्कळ भाडेकरू नोंदणी गावीच ठेवतात. निवडणुकीच्या आठवड्यात नैरोबीतून पश्चिमेकडे जाणाऱ्या बसगाड्या भरून वाहतात. ज्याला शहरात मत हवं आहे त्यानं बदलीचा अर्ज वेळेत करावा लागतो, कारण निवडणुकीआधी नोंदणी आणि बदली दोन्ही बंद होतात. नंदुरबारच्या माणसानं सुरतेत नाव लावायचं ठरवलं तर जी धावपळ करावी लागते त्यापेक्षा हे सोपं. पण करावं लागतंच.

२०१९ च्या पोटनिवडणुकीत एक फुटबॉलपटू उभा होता, त्याचा अर्ज आधी बाद का झाला? (क्रीडाशिक्षक, धुळे)

पहिले खासदार केन ओकोथ यांचं जुलै २०१९ मध्ये निधन झालं आणि ७ नोव्हेंबरला पोटनिवडणूक झाली. इटलीच्या इंटर मिलान संघाकडून खेळलेले मॅकडोनाल्ड मारिगा सत्ताधारी पक्षातर्फे उभे राहिले. उमेदवार हा नोंदलेला मतदार असावा लागतो. मारिगा यांनी नोंदणी ऑगस्टच्या अखेरीस केली होती, त्यामुळे छाननीच्या वेळी प्रमाणित यादीत त्यांचं नाव सापडलं नाही आणि अर्ज फेटाळला गेला. आयोगाच्या तंटा निवारण समितीनं तो निर्णय फिरवला. मतदानात केन यांचे भाऊ इम्रान ओकोथ यांना २४,६३६ आणि मारिगा यांना ११,२३० मतं पडली. मतदार होते १ लाख १८ हजारांच्या वर. पहिल्या तिघांची मतं मिळून ४१ हजारांच्या आसपास. पोटनिवडणुकीला भाडेकरू गावाहून परत येत नाहीत, गावीही जात नाहीत, कामावर जातात. २०२२ पासून पीटर ओरेरो किब्राचे खासदार आहेत.

त्यांच्या खासदाराला निधी असतो का? गटार, नळ तो करून देतो का? (ग्रामपंचायत सदस्य, पाचोरा)

निधी असतो, पण गटार त्यात बसत नाही. हा फरक किब्रातल्या लोकांनाही पुन्हा पुन्हा समजावावा लागतो.

आपल्याकडे खासदार निधी म्हणजे वर्षाला ५ कोटी रुपये. खासदार काम सुचवतो, जिल्हा प्रशासन करून घेतं. केनियात २००३ पासून मतदारसंघ विकास निधी आहे आणि २०१५ च्या कायद्यानुसार त्याला केंद्र सरकारच्या महसुली वाट्याच्या किमान अडीच टक्के रक्कम मिळते. पैसा मतदारसंघाच्या समितीमार्फत खर्च होतो, तिच्यात महिला, तरुण आणि अपंग प्रतिनिधी असावे लागतात. खर्च मात्र फक्त केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांवर : शाळेच्या खोल्या, पोलीस चौकी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे गरीब मुलांच्या फीचा वाटा, त्याला तिथं बर्सरी म्हणतात. पाणी, गटार, कचरा, गल्लीतला रस्ता हे २०१० च्या घटनेनं काउंटीकडे दिलं. म्हणजे किब्राच्या बाईनं नळासाठी खासदाराच्या दारात उभं राहून उपयोग नाही. तिनं वॉर्डाच्या काउंटी सदस्याकडे जायचं. पाचही वॉर्डांना एकेक असा सदस्य आहे.

बर्सरीचा अर्ज कसा होतो तेही विचारलं आहे. अर्ज मतदारसंघाच्या कार्यालयातून घ्यायचा, शाळेकडून फीचा तपशील आणि शिक्का आणायचा, पालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडायची, परिस्थितीबद्दल स्थानिक 'चीफ'चा, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याचा, दाखला लावायचा. पैसे पालकाच्या हातात येत नाहीत, शाळेच्या नावे जातात. अर्ज अडकतो तो बहुधा दोन ठिकाणी : मुलाचा शाळेतला क्रमांक चुकीचा पडतो, नाहीतर शाळेचा बँक तपशील जुना असतो. रक्कम मंजूर होऊनही तशीच पडून राहते आणि मूल फीसाठी घरी पाठवलं जातं. या निधीबद्दल एक वाद जाणून असावा : कायदे करणाऱ्यानं विकासाचा पैसा हाताळावा का? २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं हा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि प्रकरण अपिलात गेलं.

माझा भाचा नैरोबीत पार्कलँड्स भागात नोकरीला आहे. तो तिथं मत देऊ शकतो का? (वाचक, शिरपूर)

भारतीय पासपोर्ट असेल तर नाही. मत फक्त केनियाच्या नागरिकाला. केनिया दुहेरी नागरिकत्व मानतो, भारत मानत नाही. तिथलं घेतलं तर इथलं सुटतं. इथलं मत टिकवायचं असेल तर त्यानं परदेशस्थ मतदारांचा नमुना ६ अ भरावा, पण मतदानाला शिरपुरात यावं लागेल. पार्कलँड्स हे वेस्टलँड्स मतदारसंघात येतं, किब्रात नाही. भारतीय वंशाच्या केनियन नागरिकांना मात्र पूर्ण हक्क आहेत. २०१७ मध्ये त्यांना देशाचा ४४ वा समाज म्हणून मान्यताही मिळाली.

सहापैकी एक मतपत्रिका 'महिला प्रतिनिधी'ची का? (वाचक, एरंडोल)

देशात ४७ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीतून एक महिला नॅशनल असेंब्लीत जाते. तिला सगळ्या काउंटीतले पुरुष आणि स्त्रिया मिळून निवडतात. म्हणजे किब्राच्या मतदाराचे नॅशनल असेंब्लीत दोन प्रतिनिधी : एक किब्राचा, एक साऱ्या नैरोबीची. सभागृहात २९० अधिक ४७ अधिक पक्षांनी नेमलेले १२, असे ३४९ सदस्य आणि सभापती.

शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक केनियाच्या पद्धतीनं घ्यायची आहे. काय तयारी करू? (शिक्षिका, यावल)

आनंदानं सांगतो. सहा पदं घेऊ नका, मुलं दमतील, तीन पुरेत. तीन रंगांचे घोटीव कागद आणा आणि त्याच रंगांच्या झाकणांचे तीन पारदर्शक प्लास्टिकचे डबे. एका खोलीला चाळीसपेक्षा जास्त मतदार नकोत. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव, चिन्ह आणि खुणेला चौकोन एवढंच ठेवा. वाटण्याआधी मतपत्रिका मोजून फळ्यावर आकडा लिहा. शाई डाव्या करंगळीला.

मतदान संपलं की डबे खोलीबाहेर नेऊ नका. प्रत्येक उमेदवाराचा एक मुलगा किंवा मुलगी एजंट म्हणून पुढच्या बाकावर बसवा. मोजणाऱ्यानं चिठ्ठी वर धरायची, नाव वाचायचं, दुसऱ्यानं फळ्यावर उभ्या रेघा मारायच्या, पाचवी रेघ आडवी. शिल्लक मतपत्रिका, वैध आणि बाद मिळून सुरुवातीचा आकडा आलाच पाहिजे. नाही आला तर दुसऱ्या रंगाचा डबा उघडून बघा, हरवलेली चिठ्ठी बहुतेक तिथंच असते. मग वहीच्या कागदावर आकडे अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा. अक्षरांत लिहिलं की ८६ चे ६८ होत नाहीत. एजंटांच्या सह्या घ्या, ज्याला सही करायची नाही त्याचं कारण त्याच्याच हस्ताक्षरात घ्या. कागद वर्गाच्या दाराला बाहेरून, सगळ्यात ठेंगण्या मुलाला वाचता येईल एवढ्या उंचीवर लावा, आणि चिठ्ठ्या पाकिटात सील करून आठवडाभर कपाटात ठेवा. पावसाळ्यात घेणार असाल तर कागदाला वरून प्लास्टिक लावा, नाहीतर शाई ओघळते आणि पुन्हा आकड्यांवरून भांडण होतं.